मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना १६ तास आणि येताना १४ का?

प्रश्न असा आहे. ठाण्याला माजिवड्यात राहणारे आई-बाबा मेअखेरीस लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेत. नोव्हेंबरच्या मध्याला परत येणार. विमान दोन्ही वेळा विनाथांबा. जातानाच्या तिकिटावर मुंबई २५ मे ०१:३०, न्यूयॉर्क (जेएफके) २५ मे ०८:०० असं छापलंय. येतानाच्या तिकिटावर न्यूयॉर्क १५ नोव्हेंबर ११:३०, मुंबई १६ नोव्हेंबर १२:१५. म्हणजे जायला साडेसहा तास आणि यायला पावणेपंचवीस? शिवाय अंतर म्हणून एकीकडे १२,५३२ दिसतं, दुसरीकडे ७,७८७ आणि तिसरीकडे ६,७६७. यातलं खरं कुठलं, आणि सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसांनी नेमके किती तास धरून चालायचं?

आधी अंतर उरकू, कारण तिथे गोंधळ फक्त एककांचा आहे. तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा आपल्या नेहमीच्या मैलांत (१.६०९ किमीचा एक), तिसरा नॉटिकल मैलांत (१.८५२ किमीचा एक). वैमानिक आणि उड्डाणाचं नियोजन करणारे तिसरा वापरतात, तिकिटाच्या पॉइंट्सचा हिशोब साधारणपणे दुसऱ्यात होतो. पाच-पंधरा किलोमीटरचा फरक एखाद्या ठिकाणी आणखी दिसेल. कोणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतं, कोणी ध्रुवांपाशी दबलेली, कोणी विमानतळापासून मोजतं तर कोणी शहराच्या मध्यापासून. त्यावर वेळ घालवू नका.

हा आकडा घरी काढून बघायचा असेल तर मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, ०.२१३ येईल. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि १४६.६५ चा कोसाइन, असा तिघांचा गुणाकार करा, उणे ०.५९९ येईल. बेरीज उणे ०.३८६. तिचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण) घेतला की ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किमी. गुणलं की १२,५३२. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येतं. आधी डिग्रीवर आणा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रेखांशांची बेरीज करण्याऐवजी वजाबाकी करणं. तसं केलंत तर न्यूयॉर्क जवळपास भारताच्याच रेखांशावर येऊन बसतं आणि अंतर अडीच हजारांच्या आत.

हे सर्वांत कमी अंतर ज्या रेषेवर मोजलं जातं तिला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडते. तो रस्ता लांबचा आहे. नौपाड्यात गोखले रोडवरच्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानातून छोटा पृथ्वीगोल आणा, दोन्ही शहरांवर दोरा धरून ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल. मुंबईहून निघून सिंध, कंदाहारच्या आसपास, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग थेट मॉस्को-सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचं खालचं टोक आणि तिथून कॅनडा उतरून न्यूयॉर्क. सर्वांत वरचा बिंदू जवळपास ६५ अंश उत्तरेला, आइसलँड आणि फेरो बेटांच्या मधल्या समुद्रावर.

या रेषेवरून आज कोणालाच धड उडता येत नाही. पाकिस्तानने २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतही ते बंद होतं. अमेरिकन विमानांना मार्च २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच प्रवासी विमानांना बंद आहे. इराण-इराकवरचं अधूनमधून बंद होतं. म्हणजे भारतीय कंपनीला पहिला तुकडा मिळत नाही आणि अमेरिकन कंपनीला मधला.

तरीही मुंबईकरांनी फार चुकचुकायचं कारण नाही. मुंबईहून अरबी समुद्रावरून मस्कत, तिथून इस्तंबूल आणि पुढे न्यूयॉर्क असा वळसा मोजला तर साधारण १३,००० किमी भरतात. साडेचारशेच्या आसपास जास्त, वेळेत अर्धा तास. पृथ्वी गोल असल्याने लांबच्या प्रवासात रेषेपासून थोडं बाजूला सरकलं तरी अंतर फारसं वाढत नाही. दिल्लीचं तसं नाही. दिल्ली-न्यूयॉर्क सरळ ११,७५० किमी, मुंबईपेक्षा कमी. पण पाकिस्तान टाळायला दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. अहमदाबाद, मस्कत, इस्तंबूल असं मोजलं तर १३,६०० च्या वर जातं, म्हणजे अठराशे किलोमीटरचा भुर्दंड. “दिल्लीहून जवळ पडतं” हा नातेवाइकांचा सल्ला नकाशावर बरोबर आहे, पण हे आकाश बंद असेपर्यंत भारतीय विमानाच्या तिकिटावर तो उलटतो.

आता तास. बोइंग ७७७ सारखं मोठं विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने जातं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे पंचावन्नच्या थंडीत, हा वेग ताशी ८९० किमीच्या आसपास पडतो. १३,००० ला ८९० ने भागलं तर चौदा तास ३६ मिनिटं. तिकिटावर मात्र जाताना सोळा आणि येताना सव्वाचौदा आहेत. हा फरक वाऱ्याचा.

८९० हा वेग विमानाचा हवेतला वेग आहे. आणि हवा स्वतःच चाललेली असते. उत्तर गोलार्धात, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. त्यांच्या गाभ्यात ताशी दीडशे-दोनशे किमी वारा नेहमीचाच, हिवाळ्यात तीनशेच्या पुढेही जातो. वाटेत सगळीकडे तो मिळत नाही, म्हणून नियोजन करताना पूर्ण मार्गाची सरासरी धरतात. जाताना सरासरी ५० किमीचा वारा तोंडावर धरा: जमिनीवरचा वेग ८४०, वेळ १५ तास २९ मिनिटं. येताना ६० किमी पाठीवर धरा: वेग ९५०, वेळ १३ तास ४१ मिनिटं. प्रत्येकी ३५ मिनिटं जमिनीवर चालण्याची आणि चढण्या-उतरण्यातल्या संथपणाची मिळवा. सोळा तास आणि सव्वाचौदा तास, तुमच्या तिकिटाला जुळतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं, एरवी त्याला साडेसहाच्या आसपास लागतात. तेही ध्वनीच्या वेगाच्या आतच होतं, हवेनेच ढकललं.

त्यामुळे विमान सर्वांत जवळचा रस्ता शोधत नाही, सर्वांत कमी वेळेचा शोधतं. याचं ठसठशीत उदाहरण ऑक्टोबर २०१६ चं आहे. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी, आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १,४०० ने जास्त. वेळ साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी, कारण सगळी वाट वारा पाठीशी. न्यूयॉर्कला ही सोय नाही. पूर्वेकडून गेलं तर फेरा फारच मोठा होतो. पण अटलांटिकवर विमानांच्या वाटा रोज वाऱ्याप्रमाणे नव्याने आखल्या जातात, पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वेगळ्या, पूर्वेला येणाऱ्यांच्या वेगळ्या. म्हणून समोरच्या पडद्यावर आई-बाबांना जाताना ग्रीनलँड दिसेल आणि येताना कदाचित दिसणार नाही.

सोळा तास हा विमान गेटवरून सुटल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ आहे, हवेतला त्याहून कमी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरतात, म्हणून रात्री एक-दोनच्या गर्दीत विमान टॅक्सी-वेवर रांगेत वीस-पंचवीस मिनिटं उभं राहणं नेहमीचं आहे. कंपन्या ते धरूनच वेळापत्रक बनवतात. तासभर उशिरा सुटलेलं विमान तिकडे वीस मिनिटांच्याच उशिराने पोहोचतं, त्यामागे वैमानिकाने जोरात हाकलं असं फारसं नसतं. राखून ठेवलेली मिनिटं वापरलेली असतात. वेग वाढवायला मर्यादा आहेच, कारण ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं आणि तासाला सात-आठ टन जळतं. वळसा अर्ध्या तासाने वाढला की साडेतीन-चार टन जास्त लागतात, तेवढ्या वजनाचा माल किंवा प्रवासी सोडावे लागतात, नाहीतर वाटेत युरोपात इंधनाला उतरावं लागतं. असा थांबा असेल तर तिकिटावर “थेट” लिहिलेलं असूनही मध्ये एक शहर दिसतं. “विनाथांबा” आणि “थेट” हे एकच नव्हे, बुक करताना थांब्यांची संख्या शून्य आहे ना ते बघा.

आता घड्याळ, जिथे जवळपास सगळे चुकतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात आणायच्या. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपण काहीच करत नाही.

जाताना मे आहे, म्हणून साडेनऊ. न्यूयॉर्कचे सकाळचे ८:०० अधिक ९:३० म्हणजे भारतात संध्याकाळचे ५:३०. त्यातून रात्रीचा दीड वजा: बरोबर १६ तास. येताना १५ नोव्हेंबर, घड्याळ मागे गेलेलं, म्हणून साडेदहा. न्यूयॉर्कचे ११:३० म्हणजे भारतात त्याच दिवशी रात्रीचे १०:००. तिथपासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:१५ पर्यंत सव्वाचौदा तास.

ताळा करायची एक युक्ती आहे. तुम्ही काढलेले दोन्ही चुकीचे आकडे एकत्र करा: साडेसहा अधिक पावणेपंचवीस, सव्वाएकतीस तास. खऱ्या तासांची बेरीज सव्वातीस. जाताना घड्याळाने जितकं लपवलं तितकंच येताना वाढवलं, म्हणून दोन्ही जवळपास फिटतात. उरलेला एक तास मधल्या काळात अमेरिकेने मागे घेतलेला. दोन्ही प्रवास उन्हाळ्यातच असते तर बेरीज तंतोतंत जुळली असती. तिकीट मार्च किंवा नोव्हेंबरच्या त्या रविवारच्या आगेमागे असेल तर मात्र वेळ दोनदा तपासा, कारण युरोपची घड्याळं वेगळ्या तारखांना हलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. युरोपातून कनेक्शन असेल तर त्या एक ते तीन आठवड्यांत जुन्या तिकिटाच्या वेळा सरकलेल्या असू शकतात.

घड्याळाहूनही महागात पडते ती तारीख. २५ मे ०१:३० म्हणजे २४ तारखेची रात्र. २५ ला दिवसभर पॅकिंग करून रात्री निघालात तर विमान वीस-बावीस तासांपूर्वी गेलेलं असतं. ही चूक शिकल्यासवरल्या घरांत होते, आणि ‘नो-शो’ झालं की बहुतेक तिकिटांवर परतीचा प्रवासही आपोआप रद्द होतो. घरच्या कॅलेंडरवर “२४ मे, रात्री पावणेनऊला घर सोडणे” असंच लिहा, उड्डाणाची वेळ नंतर. येतानाच्या तिकिटावर वेळेशेजारी “+१” दिसेल, त्याचा अर्थ पोहोचण्याची तारीख एकाने पुढची. घ्यायला जाणाऱ्याने ती बघावी.

पावणेनऊ कसं आलं ते सांगतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला टर्मिनल २ वर. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन ६० मिनिटं आधी बंद होतं, अमेरिकेच्या काही उड्डाणांचं त्याहूनही आधी. माजिवड्याहून सहार, म्हणजे मुंबई विमानतळ, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. रात्री पाऊण-एक तास. त्या वेळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गर्दी असते ती ठाण्याकडे येणाऱ्या बाजूला, जाणारी बाजू बरी असते. अडकायला होतं ते जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), तिथे दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून पाऊण तास जादा. घोडबंदर रोडच्या आतल्या सोसायटीतून निघणाऱ्यांनी कापूरबावडीपर्यंतच अर्धा तास वेगळा धरावा. तारीख जूनमध्ये सरकली तर पावसासाठी आणखी एक तास.

पलीकडे इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास, जेएफकेहून एडिसनला सवा तास, रहदारी असेल तर दोन. २४ मे रात्री पावणेनऊला घर सोडलं की भारताच्या घड्याळाने २५ मे रात्री पावणेनऊच्या आसपास लेकीच्या दारात. घर ते घर चोवीस तास, त्यातले सोळा खुर्चीत. एडिसनला जायचं असेल तर नेवार्कचं विमान जास्त सोयीचं, तिथून घर अर्ध्या-पाऊण तासावर. भाड्यात दोन-चार हजारांचाच फरक असेल तर नेवार्क घ्या.

एका थांब्याचं तिकीट स्वस्त दिसलं तर? अंतर जवळपास वाढत नाही. दुबईमार्गे साधारण १२,९५०, लंडनमार्गे १२,७४०. वाढतात ते तास: दुसऱ्यांदा उतरणं, चढणं आणि मधला थांबा. दुबईचं गणित सव्वातीन अधिक चौदा-साडेचौदा, अधिक थांबा. दीड तासाचं कनेक्शन सत्तरीच्या माणसांना देऊ नका. तीन ते चार तास ठेवा. अबूधाबीला तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, न्यूयॉर्कला रांग वाचते, पण तो वेळ थांब्यातूनच जातो, म्हणून तिथे तीन तासांच्या खाली नकोच. सिंगापूरमार्गे काही भलतंच स्वस्त दिसलं तर आकडा बघा: मुंबई-सिंगापूर ३,९०० आणि सिंगापूर-न्यूयॉर्क १५,३४९, जगातल्या सर्वांत लांब विनाथांबा उड्डाणांपैकी एक. दुसऱ्या टप्प्यालाच अठरा तासांच्या वर. व्हीलचेअर लागणार असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवून तिकिटावर नोंद करून घ्या. काउंटरवर मागितली तर मिळते, पण रांगेतच.

छापील वेळेवर विश्वास बसत नसेल तर फ्लाइटरडार२४ वर तुमचा फ्लाइट क्रमांक टाकून मागच्या आठवड्याची प्रत्यक्ष उड्डाणं बघा. रोज किती वाजता सुटलं, किती वाजता उतरलं, कुठून वळलं, सगळं दिसतं. मेमधल्या प्रवासासाठी मेमधलीच बघा. जानेवारीची बघून काढलेला अंदाज वाऱ्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाने हुकू शकतो.

राहिला नवी मुंबईचा विमानतळ, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. तो सहारपासून सरळ रेषेत २४ किमीवर आहे आणि न्यूयॉर्कच्या दिशेच्या उलट बाजूला, म्हणून तिथून अंतर साधारण १९ किमीने वाढेल. हवेत दीड मिनिटही नाही. नेरूळ, खारघर, पनवेलच्या माणसाचा मात्र रस्त्यावरचा तास वाचतो, आणि ऐरोलीकरांना कुठलं जवळ ते वेळेवर ठरतं. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: तिकिटावर शहर “मुंबई” असं दोन्हीकडे दिसू शकतं. सहारचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नागपूरहून येणारं विमान एनएमआयला उतरतंय आणि पुढचं बीओएमहून सुटतंय असं असेल तर मध्ये सामान घेऊन टॅक्सीने शहर ओलांडावं लागेल. दोन विमानांच्या मध्ये किमान सहा तास ठेवा, आणि ओला-उबरमध्ये पत्ता टाकताना फक्त “मुंबई एअरपोर्ट” न लिहिता टर्मिनलचं नाव निवडा.